येतो म्हणू नये

जगातल्या कुठल्याही प्रेमाला वीस सेकंद पुरतात, हे अकोल्यात पुराव्यानिशी ठाऊक असलेला एकच माणूस होता. नाव सुयोग म्हैसने, वय एकोणपन्नास, हुद्दा आवाज-नोंदणी लिपिक. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रे विभाग आणि कायमची बंद पडलेली लिफ्ट यांच्या मधोमध त्याची खोली होती. खोलीच्या मध्ये जाड काच. काचेच्या अलीकडे सुयोग, पलीकडे रोज नवा नातेवाईक. ऑपरेशन ज्याचं व्हायचं त्याला नातेवाइकाने माईकसमोर बसून वीस सेकंद हाक मारायची, एवढंच काम. नातेवाईक मध्येच रडायचे. सुयोग रडणं कापून फेकायचा आणि उरलेली माया फाईलमध्ये भरायचा.

भिंतीवर नऊ नियमांचा फलक होता. रडू नये. रागावू नये. देवाचं नाव एकदाच घ्यावं. थट्टा करू नये. असं करत करत सातव्या नियमावर नजर गेली की गावाकडून आलेला माणूस हमखास अडखळे. सातवा नियम होता : 'येतो', 'येते' म्हणू नये.

हे सगळं कशासाठी, ते आधी सांगायला हवं.

भूल दिली की माणसाचा श्वास यंत्राच्या हवाली करावा लागतो. त्यासाठी तोंडातून एक वाकडं पातं घालायचं, जीभ बाजूला सारायची, घसा दिसला की श्वासनलिकेत नळी सरकवायची. काम मिनिटभराचं. पण घशाला एका मज्जातंतूचे फाटे येतात आणि त्याचेच दुसरे फाटे खाली हृदयाला जातात. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच मुळी 'भटक्या'. त्याला घशात कोणी ढोसलं, की तो खाली निरोप धाडतो : जरा हळू. बहुतेक हृदयं थोडी हळू होतात आणि लगेच सावरतात. काही उलट बिथरून उधळतात. आणि काही अति आज्ञाधारक असतात, ती थांबतातच. त्यावर औषधं आहेत आणि ती चालतात. पण काही हृदयांना औषधाने उठवलं की ती उठतात आणि मग बसायलाच तयार होत नाहीत.

अशांसाठी ते यंत्र निघालं होतं. भुलीत माणूस बंद होतो खरा, पण बंद घराचाही चौकीदार जागा असतो. मेंदूच्या बुडाशी ठोके सांभाळणारा जो भाग आहे, त्याचा कानाशी शेजारधर्म असतो. ओळखीच्या आवाजात आपल्या नावाची हाक आली, तर ती तिथवर पोचते आणि ठोके जागेवर येतात. यंत्र दोन ठोक्यांमधलं अंतर मोजत बसायचं. लय तुटणार हे त्याला आठ सेकंद आधी कळायचं आणि तेवढ्यात ते रुग्णाच्या कानात नेमकी हाक सोडायचं. यंत्राचं अधिकृत नाव 'स्वर-साहाय्यित हृदयगती नियमन प्रणाली' असं होतं. वॉर्डबॉयपासून डीनपर्यंत सगळे त्याला 'हाक्या' म्हणत.

कुठला शब्द किती दिलासा देतो, याची यादी बंगळुरूच्या इंजिनिअरांनी हाक्याला शिकवली होती. त्यात 'येतो' पहिल्या क्रमांकावर होता. अर्थ : मी तुझ्याकडे येत आहे. दिलासा : दहापैकी दहा. पहिल्याच वर्षी बाळापूरचे एक मास्तर आपल्या बायकोसाठी बोलून गेले, "प्रियांका, घाबरू नको. येतो गं." आयत्या वेळी हाक्याने तेवढंच निवडलं. प्रियांका आजींचे ठोके चौसष्टवरून एकोणतीसवर आले. आजी औषधाने वाचल्या, पण चौकशीची बैठक बसली. पडद्यावरून इंजिनिअर कळवळून म्हणाला, "पण ते तर येतो म्हणतायत!"

सुयोगने समजावलं, "आमच्याकडे जाणारा माणूस येतो म्हणतो."

"मग येणारा काय म्हणतो?"

"येणारा काही म्हणत नाही. दार वाजवतो."

त्या दिवसापासून सातवा नियम. तो सुयोगनेच लिहिला, स्वतःच्या अक्षरात.

सुयोगचं स्वतःचं दार मात्र कोणी वाजवत नसे. जठारपेठेत दोन खोल्या, एक पलंग, आईचा रिकामा दुसरा पलंग. घरात बोलणारा एकच होता, फ्रिज. दार उघडं राहिलं की तो बाईच्या आवाजात म्हणायचा, "कृपया दार बंद करा." सुयोग पुष्कळदा दार मुद्दाम उघडं टाकून जेवायला बसे. दूध नासायचं, पण जेवताना कोणीतरी बोलत असायचं.

त्या उन्हाळ्यात त्याचा आवाज बसला तो उठेना. दुर्बिणीतून पाहिलं तर स्वरतंतूवर हरभऱ्याएवढी गाठ. काढून तपासायला पाठवावी लागणार होती, आणि न काढली तर वाढून श्वासच अडवणार होती. हृदयाच्या तपासणीत निघालं की त्याचं हृदय त्या आज्ञाधारक जातीचं आहे. म्हणजे हाक्या लागणार. म्हणजे अर्ज भरायचा.

अर्ज त्याने हजारो जणांचे भरले होते. 'जवळच्या माणसाचं नाव व नातं' हा रकाना तो लोकांना पेनाच्या टोकाने दाखवायचा, "इथे लिहा, सोपं आहे." या खेपेला त्याने एवढा वेळ लावला की संगणक कंटाळून झोपी गेला.

कोणीच नसलेल्यांसाठी एकच सोय होती : 'सर्वसाधारण जवळचे माणूस, पुरुष'. सुयोगने तो पर्याय निवडला. संगणक म्हणाला, 'रुग्ण आणि जवळचे माणूस एकच असू शकत नाही.' मग त्याला आठवलं. तो सर्वसाधारण आवाज त्याचाच होता. दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत त्याने तो स्वतःच भरून दिला होता. गेल्या वर्षात एकशे बारा निराधारांचं तो जवळचं माणूस झाला होता, आणि त्यातल्या एकालाही तो रस्त्यात भेटला असता तर ओळखता आला नसता.

शेवटी त्याने आईचा आवाज दिला. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. मूर्तिजापूरला मोठ्या मुलाकडे आठवडाभरासाठी निघताना तिने फोनवर निरोप ठेवला होता : "पिंट्या, डब्यात पोळ्या ठेवल्या. शेवग्याची भाजी संपव. गॅस बघ. येते रे." तिसऱ्या दिवशी ती तिकडेच गेली. निरोप मोजून चौदा सेकंदांचा होता. रुग्णाने आपली हाक आधी ऐकू नये, असा आठवा नियम. सुयोगने ती ऐकली. 'येते' कापावं, असा सातवा. सुयोगचं बोट कापायच्या बटणावर बराच वेळ राहिलं आणि मग त्याने फाईल तशीच बंद केली.

ऑपरेशननंतर डोळे उघडले तेव्हा उशाशी भूलतज्ज्ञ डॉक्टर ईशा गावंडे उभ्या होत्या. चेहरा असा, जसा तो काचेपलीकडच्या नातेवाइकांचा बघायचा.

"सुयोगभाऊ, गाठ आहे तिथेच आहे. आम्हाला थांबवावं लागलं. पातं आत गेलं, ठोके पडायला लागले, हाक्याने आईंची हाक दिली आणि तुमचं हृदय अकरा सेकंद बंद होतं. औषधाने उठवलं तर एकशे नव्वदवर गेलं. उतरवता उतरवता आमचे ठोके वाढले." त्या थांबल्या. "सातवा नियम कोणी लिहिला हो?"

"मी," सुयोग घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मग?"

"शेवटचं वाक्य होतं, मॅडम. कापवलं नाही."

डॉक्टर गावंडेंनी उगाचच सलाईनची नळी सरळ केली. "आई 'येते' म्हणाल्या आणि हे निघालं मागोमाग," त्या त्याच्या छातीकडे बघत म्हणाल्या. "आता एकच संधी घेईन मी. तीही जिवंत माणसाचा आवाज असेल तरच. भाऊ आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"मग बोलवा की."

"आम्ही बोलत नाही."

"का?"

कारण सांगण्यासारखं नव्हतं. म्हणजे भांडण खरं होतं, फक्त ते मोठ्याने सांगितलं की लोक हसत.

सहा वर्षांपूर्वी दादाच्या मुलीचं, ओवीचं, लग्न ठरलं. पत्रिका एका ॲपकडून करून घेतली. ॲपने घरातल्या सगळ्यांच्या फोनमधून माणसं गोळा केली आणि आपल्या अकलेने मांडली. सुयोगबद्दल त्याला एवढंच समजलं : फोनमध्ये नाव पिंट्या, लग्न झालेलं नाही, आईजवळ राहतो. 'आपले नम्र'च्या यादीत दूरच्या मावसभावापर्यंत सगळे आले. सुयोग आला तो पत्रिकेच्या तळाशी, फुगे घेतलेल्या सशाच्या चित्राखाली : 'आमच्या ओवीताईच्या लग्नाला यायचं हं! – मिष्टी, किआन आणि पिंट्या.' मिष्टी चार वर्षांची होती, किआन अडीच. पिंट्या त्रेचाळीस.

सातशे पत्रिका वाटून झाल्या होत्या. सुयोग दादाकडे गेला तर दादा आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "चूक झाली ना बे. पण मशीन काही खोटं नाई बोललं."

पत्रिकेतली चूक सुयोगने माफही केली असती. ते दुसरं वाक्य त्याला सहा वर्षं पुरलं. लग्नाला तो गेला नाही. आईला पोचवायला स्मशानात दोघं शेजारी उभे राहिले, तेव्हाही 'पाण्याचा तांब्या दे' हे गुरुजींमार्फत बोलले.

त्याने दादाला निरोप लिहायला घेतला. चौदा वेळा लिहिला, चौदा वेळा पुसला. शेवटी रुग्णालयाचा छापील मजकूरच पाठवला : 'आपली रुग्णाचे जवळचे माणूस म्हणून निवड झाली आहे. ओळखपत्र सोबत आणावे.'

पलीकडून फक्त एक अंगठा आला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दार वाजलं. दादा म्हणजे सुबोध म्हैसने, वय पंचावन्न, म्हैसने मंडप डेकोरेशन आणि साउंड सर्व्हिसचा मालक. केस सगळे पांढरे झालेले. सुयोगला ते ठाऊक नव्हतं. दादाने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. सुयोगने फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, कारण तसा नियम होता.

"मीच हाय," दादा म्हणाला.

सुयोगने सही कुठे करायची ते पेनाच्या टोकाने दाखवलं.

लिपिकाची दुसरी जागा सात वर्षं रिकामी होती, त्यामुळे स्वतःच्या हाकेची नोंदणी सुयोगलाच करावी लागणार होती. आठवा नियम एकदा मोडून झाला होता. आता मोडायची त्याची हिंमत नव्हती. त्याने हेडफोन काढून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि काचेतून खूण केली.

दादाने सवयीने माईकवर दोनदा टिचकी मारली. ओठ हलले : हॅलो, हॅलो, चेक. मग त्याने फलक वाचला, पहिल्यापासून नवव्यापर्यंत, बोट फिरवत. सातव्यावर बोट थांबलं. त्याने काचेतून सुयोगकडे पाहिलं. आईचा निरोप त्यालाही ठाऊक असणार. ती त्याच्याच घरी पोचली होती. मग त्याचे ओठ हलू लागले. आवाजाचा काटा आधी हिरव्यात होता. मध्येच तो टणकन लाल रंगात गेला आणि दादा हसताना दिसला. सुयोग बघत राहिला. हजारो माणसांची माया त्याने कानात तेल घालून ऐकली होती. त्याच्या वाट्याची पहिली खेप आली, ती मूकपटासारखी.

दादा बाहेर आला. "झालं. अकरा सेकंदच लागले. चालते ना?"

सुयोगने मान हलवली.

"तुह्ये दोन-तीन नियम माह्याच्यानं पाळले नाई गेले," दादा म्हणाला. "मशीनले सांग, सांभाळून घे म्हणा."

दोघं कँटीनमध्ये बसले. दादा म्हणाला, "चहा गोड हाय." सुयोगला वाटलं, काहीतरी बोलावं. मग वाटलं, ऑपरेशन परवा आहे, आता बोललो तर भीतीपोटी बोललो असं होईल. त्याने दादाच्या कपाखालची चहा सांडलेली बशी तेवढी बदलून आणली.

परवा उजाडला. डोक्यावरचे दिवे दिसले, डॉक्टर गावंडे म्हणाल्या, "दहापासून उलटे मोजा." सुयोगने आठपर्यंत मोजले.

जाग आली तेव्हा छातीवर तारा होत्या, शेजारी मॉनिटर टिक् टिक् करत होता आणि हातात पाटी दिलेली होती. स्वरतंतूची जखम भरेपर्यंत सात दिवस चकार शब्द काढायचा नव्हता. सहा वर्षं तो दादाशी आपल्या मर्जीने बोलत नव्हता. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने.

"गाठ काढली. साधी आहे, जिवाला धोका नाही," डॉक्टर गावंडे म्हणाल्या. "पण या जातीची गाठ जाताना 'येते' म्हणते, आणि खरंच येते. वर्ष-सहा महिन्यांनी पुन्हा काढावी लागेल. आता हे बघा." त्यांनी हाक्याचा कागद पुढे केला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते दाबायला त्या बरंच वैद्यकीय ज्ञान वापरत होत्या.

कागदावर होतं :

१०:४२:०७ पातं आत. ठोके ५८.
१०:४२:१५ ठोके ३१. हाक : 'पिंट्या.' परिणाम नाही.
१०:४२:१९ ठोके २६. हाक : 'अबे पिंट्या, ऊठ ना.' परिणाम नाही.
१०:४२:२३ ठोके २४. हाक : 'आमच्या ओवीताईच्या लग्नाला यायचं हं!'
१०:४२:२६ ठोके ८६.

"तिथून शेवटपर्यंत ऐंशीच्या आसपास. नळी गेली, गाठ निघाली, काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "विचार केला तर सरळ आहे. माया हृदयाला शांत करते. पण तुमचं तर आधीच शांत होत चाललं होतं. त्याला धक्का हवा होता. राग हा धक्काच. हाक्याकडे यासाठी रकाना नाही, आम्ही 'इतर' असं लिहिलंय."

सुयोगने पाटीवर लिहिलं : 'म्हणजे मी रागाने वाचलो?'

"रागाने नाही. रुसव्याने. नुसता राग एवढी वर्षं टिकत नाही." मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि आवाज खाली आला. "आता अवघड भाग. पुढच्या वेळी हीच हाक लागेल. तुमचा समेट झाला तर ती चालेल की नाही, मला सांगता येत नाही. जगात कोणालाच सांगता येणार नाही, अशी केस झालेली नाही. मी घरी जायच्या कागदावर लिहिलंय. बघा, पटलं तर पाळा."

सुयोगने कागद पाहिला. 'तिखट टाळावे. ओरडणे टाळावे. समेट टाळावा. जड उचलू नये.'

त्या गेल्यावर तो छताकडे बघत पडला. एकटं राहण्याचं आजवर त्याच्याकडे कारण नव्हतं, नुसती सवय होती. आता लेखी कारण मिळालं होतं, सही-शिक्क्याचं. घरी जायचं, फ्रिजचं दार उघडं टाकायचं, जेवायचं आणि सहा महिने दादावर नीट, न चुकता रुसून राहायचं. जगायचं असेल तर. त्याने मनातल्या मनात पत्रिका काढून पाहिली. ससा, फुगे, मिष्टी, किआन. सहा वर्षं हे चित्र आठवलं की कानशिलं तापायची. आज ससा जरा दादासारखा दिसला. मॉनिटर संथ टिकटिकत राहिला. सुयोग घाबरला.

दुपारी दादा आला. हातात डबा. सुयोगला गिळायला बंदी होती, म्हणून दादाने तो स्वतःच उघडून खाल्ला. कागद वाचला. 'समेट टाळावा' दोनदा वाचलं.

"हे बरं हाय," तो म्हणाला. "लोकाईचे भाऊ रक्त देते. माह्या भावाले माह्याकडून निसता ताप लागते."

सुयोग भिंतीकडे तोंड करून पडला. रुसलेल्या माणसाने कसं पडावं याची त्याला सवय होती, पण आज कूस जमत नव्हती. दादा बराच वेळ बसून होता. डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. चार वाजता उठला. मंगरूळला एका वास्तूच्या पूजेचा मंडप टाकायचा होता, पोरं खोळंबली होती. दारापर्यंत गेला, चपलेत पाय सरकवला आणि जन्मभराच्या सवयीने म्हणून गेला :

"बरं, येतो."

टिक्. टिक्. आणि मग काहीच नाही.

फार नाही, दीड-दोन सेकंद. नर्सने मानही वर केली नसती. पण दादाची तीस वर्षं कर्णे आणि ताल ऐकण्यात गेली होती. तो चपलेत एक पाय घालून तसाच थांबला. टिक्, मॉनिटर म्हणाला, आणि पुन्हा सुरळीत चालू लागला.

"ठोका सुटला तुह्या," दादा म्हणाला.

सुयोगने पाटी उचलली. 'नाही.'

"मले ऐकू आलं ना."

'तार हलली.'

"हो का."

सुयोगने पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं : 'रुसवा कायम आहे.' शेजारी डॉक्टरांचा कागद धरला, पुरावा म्हणून.

"हो, दिसून राह्यलं ना," दादा मॉनिटरकडे बघत म्हणाला. पण त्याने चप्पल काढली, परत आला आणि स्टूल ओढून बसला.

थोड्या वेळाने पाटी पुन्हा वर आली. या खेपेला अक्षर बारीक होतं. 'पुढच्या वेळी थांबलं तर?'

दादाने चष्मा लावून वाचलं. मग चष्मा काढून तो सदऱ्याला पुसत बसला. काचा आधीच स्वच्छ होत्या.

"मोठा भाऊ हाय मी तुह्या," तो शेवटी म्हणाला. "तुले राग येईन असं एकोणपन्नास वर्षांचं सामान पडलं हाय माह्याजवळ. ओवीचं लग्न त त्यातलं लहान हाय. तू तिसरीत नाटकात झाड झाला होता, ते आठवते?"

सुयोगला आठवलं. टिक् टिक् टिक्, मॉनिटर सत्तरवरून नव्वदवर गेला.

"पाह्य," दादा म्हणाला.

त्याचा फोन वाजला. मंगरूळहून पोरं विचारत होती, किती वाजेपर्यंत पोचता. दादाने दाराकडे पाहिलं, मॉनिटरकडे पाहिलं. 'जातो' तर घरातल्या माणसाला कोणी म्हणत नाही. त्याला आधीच आईचा निरोप आठवत होता. आणि 'येतो' म्हणायची सोय भावानेच ठेवली नव्हती.

"तुम्ही बांधा रे मंडप," तो फोनमध्ये म्हणाला. "माह्यं आज जमत नाई. नाई, तब्येत बरी हाय त्याची. निघायचंच होतं ना, पण शब्द सापडून नाई राह्यला."